ब्रह्मा कोंबड्यांमध्ये रंगांचा संकर : लाइट, बफ, डार्क आणि ब्लू

हौसेसाठी ब्रह्मा पाळणाऱ्यांकडे हमखास दिसणारं चित्र असं: लाइट (पांढऱ्या) रंगाचे पक्षी अंगापिंडाने भरदार आणि पायांवर दाट पिसांचे, तर शेजारच्या खुराड्यातले बफ (सोनेरी) रंगाने सुरेख पण हाडापेराने बारीक. किंवा उलट. कारण सरळ आहे. आपल्याकडे चांगल्या बफची वंशावळ मोजक्याच लोकांकडे असते, त्याच घरातली अंडी फिरत राहतात, आणि दोनतीन पिढ्यांत भाऊबहिणींचं प्रजनन नकळत होऊन जातं. अशा वेळी बाहेरून दुसऱ्या जातीचं रक्त आणायची गरज नसते. त्याच जातीतला दुसरा रंग हाच सगळ्यात जवळचा आणि सुरक्षित उपाय असतो. तुरा, पायांची पिसं, ठेवण, स्वभाव सगळं तेच राहतं, फक्त रंगाचा हिशेब सांभाळावा लागतो.

तो हिशेब ब्रह्मामध्ये समजायला सोपा आहे, म्हणूनच उदाहरणासाठी ही जात घेतली. नाव ब्रह्मपुत्रेवरून पडलं असलं तरी या जातीचे मूळ पक्षी १८४० च्या दशकात शांघायहून अमेरिकेत गेले. चितगावकडच्या कोंबड्यांचं रक्तही त्यात असावं, असं मानलं जातं. १८५२ मध्ये जॉर्ज बर्नहॅमने त्यातले नऊ पक्षी राणी व्हिक्टोरियाला भेट पाठवले, आणि मग इंग्लंडमध्ये डार्क रंग घडत गेला. जातींची अधिकृत लक्षणं सांगणाऱ्या अमेरिकन प्रमाणग्रंथात लाइट आणि डार्क १८७४ मध्ये आले, बफला मात्र १९२४ पर्यंत थांबावं लागलं.

आधी कोंबडा-कोंबडीचं गणित

कोंबडीच्या पिसांत दोनच रंगद्रव्यं असतात: काळं आणि तांबूस-सोनेरी. बाकी सगळे रंग म्हणजे ही दोन कुठे पडतात, किती पडतात आणि कोणतं फिकं होतं याचा खेळ.

दुसरी गोष्ट लक्षात ठेवायला हवीच. माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं. पक्ष्यांत ते आईकडून ठरतं. कोंबड्याकडे झेड गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. त्यामुळे कोंबडी आपल्या लेकीला डब्ल्यू देते आणि लेकीला मिळणारं एकमेव झेड बापाचं असतं. मुलाला मात्र दोघांकडून एकेक झेड मिळतं.

अंगाचा रंग पांढरा-चंदेरी (सिल्व्हर) की सोनेरी (गोल्ड) हे ठरवणारं जनुक याच झेडवर बसलेलं आहे, आणि सिल्व्हर गोल्डवर प्रभावी आहे, म्हणजे दोन्ही एकत्र असले तर सिल्व्हरच दिसतं. यातून तीन गोष्टी निघतात. कोंबडी सिल्व्हर दिसली तर सिल्व्हरच आणि गोल्ड दिसली तर गोल्डच. ती या बाबतीत काही लपवू शकत नाही. गोल्ड दिसणारा कोंबडाही शुद्ध गोल्डच असतो. लपवाछपवी फक्त सिल्व्हर दिसणाऱ्या कोंबड्यात होऊ शकते; आत गोल्ड लपलेल्या अशा कोंबड्याला आपले लोक स्प्लिट म्हणतात.

कोणता रंग कोणापासून किती लांब

लाइट ब्रह्माचं अंग पांढरं. मान, शेपूट आणि पंखांची आतली बाजू काळ्या खुणांची. बफमध्ये नेमक्या त्याच खुणा त्याच जागी, फक्त पांढऱ्याच्या जागी सोनेरी. म्हणजे या दोघांत मुख्य फरक एकाच जनुकाचा: सिल्व्हर की गोल्ड. काळा रंग अंगावरून हटवून मानेत आणि शेपटीत ठेवणारं कोलंबियन जनुक दोघांत आहे.

डार्क आणि पार्ट्रिज ही दुसरी जोडी. तिथे कोलंबियन नाही, पेन्सिलिंगचं जनुक आहे. डार्क सिल्व्हर, पार्ट्रिज गोल्ड. डार्क कोंबडीच्या पाठीचं एक पीस उन्हात धरून पाहा: करड्या जमिनीवर पिसाच्या कडेला समांतर जाणाऱ्या, एकात एक बसलेल्या बारीक गडद रेषा. ही नक्षी फक्त कोंबडीत दिसते. डार्क कोंबड्याची छाती सपाट काळी, मान चंदेरी. पेन्सिलिंगची जनुकं त्याच्यातही असतात, पण दिसत नाहीत. म्हणून डार्क कोंबडा निवडताना त्याच्याकडे कमी आणि त्याच्या बहिणींकडे जास्त पाहायचं.

तेव्हा लाइट–बफ आणि डार्क–पार्ट्रिज हे संकर एका पायरीचे. लाइट–डार्क किंवा बफ–पार्ट्रिज हे नक्षी बदलणारे संकर, त्यांची जातकुळी वेगळी. पहिल्यांदा करणाऱ्याने एका पायरीच्या संकरापासूनच सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पक्षी निवडताना

बाजारात ब्रह्मा म्हणून विकल्या जाणाऱ्या पिल्लांत कोचीनची भेसळ बरीच असते. दोघांच्याही पायांवर पिसं, दोघेही गुबगुबीत. फरक तुऱ्यात आहे. कोचीनचा तुरा एकेरी, करवतीसारखा. ब्रह्माचा मटार-तुरा: बुटका, डोक्याला चिकटलेला, तीन समांतर ओळींचा आणि मधली ओळ किंचित उंच. मटार-तुरा एकेरीवर प्रभावी असल्यामुळे पहिल्या पिढीतली भेसळ तुऱ्यावरून सहज कळत नाही; तुरा थोडा उंच आणि ओबडधोबड दिसतो एवढंच. पण तुमच्या दोन ब्रह्मांच्या पोटी एकेरी तुऱ्याचं पिल्लू निघालं, तर आई आणि बाप दोघांतही एकेरी तुरा दडलेला आहे असं समजा. ते पक्षी संकराच्या कामातून बाजूला काढा, रंग कितीही देखणा असला तरी.

पायाला बोटं चारच हवीत, पिसं मधल्या बोटापर्यंत उतरलेली. कपाळाचं हाड डोळ्यांवर थोडं पुढे आलेलं. लाइट पक्ष्यांत मानेची पिसं उचलून बघा: प्रत्येक पिसाचा मधला भाग काळा आणि कडेने पांढरी किनार तुटक न होता टोकापर्यंत गेलेली हवी. बफमध्ये पाठीवर आणि छातीवर रंग एकसारखा आहे का ते सकाळच्या उन्हात तपासा, ट्यूबलाइटखाली नको.

संकराची दिशा: कोंबडा कोणाचा?

सगळ्या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. जो रंग सुधारायचा आहे, त्या रंगाचा कोंबडा घ्या आणि वंश लेकींकडून पुढे न्या. लेकीला झेड फक्त बापाचं मिळतं, म्हणून सिल्व्हर-गोल्डच्या बाबतीत ती पहिल्याच पिढीत बापाच्या रंगाची आणि शुद्ध असते.

समजा बफ सुधारायचा आहे. बफ कोंबडा आणि दणकट लाइट कोंबड्या एकत्र ठेवा. यातून निघालेल्या सगळ्या तलंगा (तरुण माद्या) गोल्ड असतील, सगळे नर सिल्व्हर दिसतील पण गोल्ड लपवून असतील. तलंगांच्या अंगात लाइटचं निम्मं रक्त आलं, ठेवण आली, आणि सिल्व्हरचा लवलेशही राहिला नाही. त्यांना नात्यात नसलेल्या दुसऱ्या बफ कोंबड्याला लावा. त्यांची पुढची सगळी पिल्लं, नर असोत वा मादी, गोल्डच निघणार.

लाइट सुधारायचा असेल तर उलट: लाइट कोंबडा, बफ कोंबड्या. सगळी पिल्लं सिल्व्हर दिसतील. त्यातल्या तलंगा शुद्ध सिल्व्हर, नर स्प्लिट. तलंगा ठेवा, त्यांना दुसऱ्या लाइट कोंबड्याला लावा. नर प्रजननातून काढा. हे नर दिसायला पांढरे असतात, पण खांद्यावर आणि पाठीवर पितळी पिवळी झाक असते. ते लाइट म्हणून पुढे वापरले, तर त्यांच्या निम्म्या लेकी गोल्ड निघतात आणि निम्मे मुलगे पुन्हा स्प्लिट, अगदी समोर शुद्ध लाइट कोंबडी असली तरी. लाइटच्या चांगल्या वंशात पिवळेपणा शिरण्याचा हा नेहमीचा रस्ता.

पहिल्या दिशेचा, म्हणजे बफ कोंबडा आणि लाइट कोंबड्या यांचा, एक जास्तीचा फायदा आहे. पिल्लं अंड्यातून बाहेर पडताच बहुतेकांचं लिंग लवेवरून ओळखता येतं. फिकट पिवळसर-पांढरी ती नर, गडद बदामी ती मादी. ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणि लाइट ससेक्स कोंबडी यांच्या प्रसिद्ध संकरात हेच तत्त्व चालतं. एखाद्या पिल्लाची शंका आली तर पंखाची पहिली पिसं येईपर्यंत थांबा.

शिवाय हा संकर तुमच्या खुराड्याची तपासणीही करतो. शुद्ध बफ बापाला पांढरी लेक होऊच शकत नाही, आणि लाइट आईला सोनेरी मुलगा होऊ शकत नाही. झाली तर अंडी मिसळलीत किंवा आधीच्या कोंबड्याचा अंश अजून शिल्लक होता. रंग चुकत नाही, नोंद चुकते.

एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी. सिल्व्हर-गोल्ड हे मुख्य जनुक झालं. सोनेरी रंग गडद की फिका, एकसारखा की ठिपकेदार, हे ठरवणारी आणखी लहानसहान जनुकं असतात आणि ती दोन्हीकडून येतात. त्यामुळे पहिल्या पिढीतल्या बफ तलंगांचा रंग सरसकट उजळ नसतो; कुठे फिका, कुठे पाठीवर काजळी. घाबरून त्या विकू नका. ठेवण आणि पायाची पिसं पाहून ठेवा, रंग पुढच्या दोन पिढ्यांत निवडीने परत बसतो.

खुराड्यातली तयारी

कोंबडी नराचं वीर्य शरीरात साठवून ठेवते आणि दोन ते तीन आठवडे त्यातून अंडी फळत राहतात. म्हणून निवडलेल्या कोंबड्या आधी नराशिवाय वेगळ्या ठेवा. नवा कोंबडा सोडून आणि जुना दूर होऊन चार आठवडे झाले, की मगच उबवणीसाठी अंडी उचला. घाई करणाऱ्याचा सगळा हंगाम इथेच फुकट जातो.

ब्रह्मासारख्या जड जातीत एका कोंबड्यामागे चार ते सहा कोंबड्या पुरे. मागच्या भागाची पिसं इतकी दाट असतात की मीलन नीट होत नाही. नर आणि मादी दोघांचीही गुदद्वाराभोवतीची पिसं कात्रीने आखूड करा. एवढ्यानेच फळलेल्या अंड्यांचं प्रमाण वाढतं. पायांच्या पिसांमुळे ओली जमीन यांना चालत नाही. भाताचं तूस जाड अंथरा आणि ओलं झालं की बदला. कोकणात पावसाळ्यात पायांच्या खवल्यांत किडे होऊन खवले उचलले जातात, तेव्हा पिसं बाजूला करून पाय तपासायची सवय ठेवा.

हंगाम म्हणाल तर आपल्याकडे ऑक्टोबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेच्या उन्हात हे जाड पिसांचे पक्षी धापा टाकतात, कोंबडा मंदावतो आणि अंडी फळायचं प्रमाण घसरतं.

अंडी, नोंद आणि उबवणी

अंडं उचललं की लगेच शिसपेन्सिलीने त्यावर तारीख आणि खुराड्याचा क्रमांक लिहा. कोणत्या कोंबडीचं अंडं हे कळणार असेल तर तिचाही क्रमांक. १५ ते १८ अंश सेल्सिअसच्या आसपास, निमुळतं टोक खाली ठेवून, सात दिवसांच्या आत अंडी मशिनमध्ये लावा. पंखा असलेल्या मशिनमध्ये ३७.५ अंश, आर्द्रता ५० ते ५५ टक्के. अठराव्या दिवशी अंडी फिरवणं थांबवून आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्या.

याच अठराव्या दिवशी प्रत्येक गटाची अंडी जाळीच्या वेगळ्या टोपलीत किंवा नायलॉन जाळीच्या पिशवीत ठेवा. एकविसाव्या दिवशी सगळी पिल्लं एका तबकात सरमिसळ झाली, की मागची सगळी मेहनत गेली. पिल्लू वाळलं की पायात रंगीत कडं घाला किंवा बोटांमधल्या पडद्याला छिद्र पाडा. दोन्ही पायांचे मिळून चार पडदे, त्यामुळे १६ वेगवेगळ्या खुणा करता येतात. कडं दर दोन आठवड्यांनी बदलावं लागतं, छिद्र कायमचं राहतं. पिसांच्या पायात कडं दिसत नाही आणि रुतलेलंही लवकर कळत नाही, म्हणून ब्रह्मात मी छिद्रालाच पसंती देते. मानमोडीची लस वगैरे वेळापत्रक नेहमीसारखंच. संकराची पिल्लं म्हणून त्यात काही सूट नाही.

किती पिल्लं काढावीत

हवं ते पिल्लू दोनात एक या प्रमाणात निघणार असेल, तर किमान एक तरी मिळण्याची ९५ टक्के खात्री पाच पिल्लांत होते. चारात एक असेल तर ११ पिल्लं लागतात. आठात एक असेल, उदाहरणार्थ चारातलं एक आणि तेही नरच हवं, तर २३. सोळात एक असेल तर ४७. ही मोजणी फक्त रंगाची. त्यातून पुन्हा चांगली ठेवण, सरळ बोटं, नीट तुरा असा एक निवडायचा म्हणजे आकडा दुप्पट-तिप्पट धरावा. जागा आणि खाद्य तेवढं नसेल तर तो संकर हाती घेऊ नये.

लाइट आणि डार्क: का टाळावा

आता सोळात एक कुठे येतं ते पाहा. लाइटमध्ये कोलंबियन आहे, पेन्सिलिंग नाही. डार्कमध्ये पेन्सिलिंग आहे, कोलंबियन नाही. दोघांच्या पहिल्या पिढीत दोन्ही जनुकांची एकेक प्रत येते आणि पिसावर दोघांची ओढाताण दिसते: कोंबडीच्या पाठीवर अर्धवट, धुरकट काळ्या खुणा, नराच्या छातीवर शेवाळल्यासारखे डाग. ना धड लाइट, ना धड डार्क. अशा भाऊबहिणींना एकमेकांना लावलं तर शुद्ध लाइटची जनुकं असलेलं पिल्लू सोळात एक, शुद्ध डार्कचंही सोळात एक. आणि डार्क नर नुसत्या नजरेने पारखता येत नाही हे वर आलंच आहे.

तरीही कोणाला डार्कची हाडं मोठी करायचीच असतील, तर पहिल्या पिढीतल्या पक्ष्यांना आपसांत न लावता प्रत्येक वेळी शुद्ध डार्कलाच परत लावा. मग हवी ती जोडी चारात एक या प्रमाणात निघते. डार्क–पार्ट्रिजचा रस्ता मोकळा असताना हा आडमार्ग घ्यायचं कारण मला दिसत नाही.

बफमध्ये निळा आणायचा असेल तर

निळा रंग हल्ली सगळ्यांनाच हवा असतो. त्याचं जनुक झेडवर नाही, त्यामुळे कोंबडा कोणाचा याने फरक पडत नाही. एक प्रत असली की काळा रंग निळसर करडा होतो, दोन असल्या की जवळजवळ पांढरा, अधूनमधून शिंतोडे असलेला, ज्याला स्प्लॅश म्हणतात. अँडालुशियन कोंबड्यांवर बेटसन आणि पनेट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेच दाखवून दिलं. निळा आणि काळा लावले तर निम्मे निळे, निम्मे काळे. काळा आणि स्प्लॅश लावले तर सगळे निळे. निळा आणि निळा लावले तर चारात एक काळा, दोन निळे, एक स्प्लॅश.

हे जनुक फक्त काळ्याला फिकं करतं, सोनेरीला हात लावत नाही. म्हणून बफमध्ये ते आलं, की अंग सोनेरी राहतं आणि मानेतल्या, शेपटीतल्या काळ्या खुणा निळ्या होतात. सुंदर दिसतं ते. पण बफमध्ये निळा आणि निळा कधी लावू नका: स्प्लॅश निघालेल्या पिल्लांच्या मानेच्या खुणाच पुसट होतात आणि बफची सगळी शान त्या खुणांत आहे. निळा पक्षी नेहमी साध्या बफलाच लावा. निम्मी पिल्लं निळी मिळतात, ती ओळखूनच पुढे जायचं.

ओळखायचं कसं? बफच्या लवेत काळा भाग जवळजवळ नसतो, त्यामुळे पहिल्या दिवशी कळेलच असं नाही. शेपटीची आणि पंखाच्या आतली पहिली पिसं येऊ द्या. तिथे राखाडी दिसलं तर निळा. निळा देणारा पक्षी निवडताना तो शक्यतो कोलंबियन नक्षीचाच घ्या. ब्लू पार्ट्रिज घेतला तर निळ्याबरोबर पेन्सिलिंगही घरात येते आणि वर सांगितलेलं सगळं गणित मागे लागतं.

लॅव्हेंडर नावाचा दिसायला जवळचा रंग वेगळा आहे. तो अप्रभावी, दोन प्रती लागतात, आणि सोनेरीलाही फिका करतो. विकणाऱ्यावर भरवसा नसेल तर त्या पक्ष्याला शुद्ध काळ्या पक्ष्याला लावून बघा: निळा असेल तर निम्मी पिल्लं निळी, लॅव्हेंडर असेल तर सगळी काळी.

निवड कधी करायची

ब्रह्मा सावकाश भरतो. पहिली पिसं फसवी असतात. बफ पिल्लाच्या पाठीवरची काजळी पुढच्या पिसांत निघूनही जाते. आठ आठवड्यांना फक्त तुरा, बोटं आणि पायांची पिसं यांवरून छाटणी करा. रंगावर शेवटचा निकाल नऊ-दहा महिन्यांनी, पूर्ण पिसं आल्यावर. नराचा आकार तर वर्ष-दीड वर्षापर्यंत भरत राहतो. दर महिन्याला त्याच जागी, सकाळच्या त्याच उजेडात एक फोटो काढून क्रमांकासह ठेवा. मनात राहिलेला रंग आणि खरा रंग यांत फार अंतर पडतं.

नात्याकडे लक्ष असू द्या. सख्खे भाऊबहीण किंवा बाप-लेक लावले तर पिल्लांत २५ टक्के अंतःप्रजनन होतं, सावत्र भावंडांत १२.५. एखादा गुण पक्का करायला बाप-लेक एकदा चालेल, सलग दोन पिढ्या नको. म्हणूनच सुरुवातीलाच दोन वेगळ्या घरांतून दोन कोंबडे घेऊन ठेवावेत: एक पहिल्या संकरासाठी, दुसरा त्याच्या लेकींसाठी.

आणि उरलेले स्प्लिट नर. हे देखणे असतात, गिऱ्हाईक लगेच मिळतं. विकताना किंवा देताना तो लाइट–बफ संकरातला स्प्लिट आहे हे तोंडी सांगा आणि पायातल्या कड्याच्या क्रमांकासह चिठ्ठीवरही लिहून द्या. खाण्यासाठी किंवा नुसता अंगणात शोभेला ठेवणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. लाइटचा वंश सांभाळणाऱ्याला मात्र तो देऊच नये.